रोध वाढला तर वॉट वाढतात की घटतात?

या महिन्यात व्होल्टेज, करंट, रोध (करंटला होणारा अडथळा) आणि वॉट यांच्याबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ठेवून त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देते आहे. मोटारींची वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, भरण्यात माझी एकवीस वर्षं गेली, पुढे तेच काम मुलामुलींना शिकवलं. म्हणून उदाहरणं बरीचशी वर्कशॉपमधली येतील. पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, शक्ती असे शब्द असतात. मी मात्र हाताखालच्या मुलांशी ज्या शब्दांत बोलत आले तेच वापरते.

प्रश्न : आमच्या पुस्तकात एका पानावर ‘पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध’ असं दिलं आहे आणि पुढच्याच पानावर ‘व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध’. पहिल्या सूत्राने रोध दुप्पट केला की पॉवर दुप्पट होते, दुसऱ्या सूत्राने निम्मी. दोन्ही बरोबर कसं असू शकतं? आणि गणितात नेमकं कुठलं वापरायचं? (एक विद्यार्थिनी)

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. ही दोन पानं शेजारी शेजारी वाचूनही बहुतेकांना काही खटकत नाही. तुला खटकलं, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

मुळात गोष्टी दोनच आहेत. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, आणि व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर. यातलं गुणाकाराचं कारण नीट समजून घे. एक व्होल्ट म्हणजे एक कूलोम विद्युतभारामागे एक ज्यूल ऊर्जा. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम. कूलोममागे किती ज्यूल आणि सेकंदाला किती कूलोम, यांचा गुणाकार केलास की सेकंदाला किती ज्यूल ते कळतं, आणि त्यालाच आपण वॉट म्हणतो. पाठ करण्यासारखं यात काही नाही. तुझ्या पुस्तकातली ती दोन सूत्रं या गुणाकारातूनच निघतात. व्होल्टेजच्या जागी ‘करंट गुणिले रोध’ लिहिलंस की पहिलं, करंटच्या जागी ‘व्होल्टेज भागिले रोध’ लिहिलंस की दुसरं.

मग गोंधळ कुठे होतो? ‘रोध दुप्पट केला’ हे वाक्य अर्धं आहे, तिथे. काय तसंच ठेवून दुप्पट केला, ते सांगायचं राहून गेलं आहे.

पाणी तापवायचा एक हीटर घे. त्यावर २३० व्होल्ट, २००० वॉट असं लिहिलेलं आहे. २००० ला २३० ने भागलं की करंट आला सुमारे ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ ने भागलं की रोध आला साधारण २६.४ ओहम. आता त्या हीटरच्या जागी दुप्पट रोधाचा, म्हणजे जवळजवळ ५३ ओहमचा हीटर लाव. प्लगमधले २३० व्होल्ट आहेत तेवढेच राहतात, ते हीटरला विचारून बदलत नाहीत. करंट मात्र निम्मा होतो, ४.३५ अँपिअर. पॉवर येते १००० वॉट, म्हणजे निम्मी. इथे व्होल्टेज ठरलेलं होतं, म्हणून तुझं दुसरं सूत्र सरळ लागू पडलं.

आता त्याच हीटरला प्लगपासून करंट आणून देणारी केबल बघ. समज, पंचवीस मीटरची एक्स्टेंशन केबल आहे आणि तिच्यातली तांब्याची तार एक चौरस मिलिमीटर जाडीची. करंट एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो, म्हणून तारेची लांबी धरायची पन्नास मीटर. अशा तारेचा रोध मीटरला सुमारे साडेसतरा मिलिओहम, म्हणजे पन्नास मीटरचा ०.८७ ओहमच्या आसपास. हीटरच्या २६.४ पुढे हा आकडा किरकोळ. त्यामुळे सर्किटमध्ये करंट किती वाहायचा हे हीटर ठरवतो, केबल नाही. केबलचा रोध दुप्पट झाला तरी करंट थोडासाच कमी होईल, जवळपास तेवढाच राहील, आणि केबलमध्ये होणारी उष्णता जवळपास दुप्पट होईल. इथे करंट ठरलेला आहे, म्हणून पहिलं सूत्र.

हे पूर्ण मांडूनच दाखवते, कारण या आकड्यांमागे माझी एक आठवण आहे. एकूण रोध २७.३ ओहम, करंट ८.४२ अँपिअर. हीटरला मिळतात सुमारे १८७५ वॉट आणि केबलमध्ये जातात सुमारे ६२ वॉट. बासष्ट वॉट पंचवीस मीटरवर पसरले तर केबल हाताला जेमतेम कोमट लागते. पण आमच्या वर्कशॉपमध्ये एका हिवाळ्यात ही केबल रीलवरून पुरती न सोडताच कुणीतरी तिला हीटर जोडला. दोन मीटर बाहेर, बाकी सगळी रीलवर, एकावर एक थर. तेच बासष्ट वॉट आता त्या गुंडाळीत कोंडले, आणि आतल्या थरांची उष्णता बाहेर पडायला वाटच राहिली नाही. दुपारी वास आला म्हणून बघितलं तर मधल्या थरांचं इन्सुलेशन एकमेकांना चिकटलं होतं. त्यातली तार उघडी पडली नव्हती, एवढंच नशीब. तेव्हापासून रीलवरची केबल पूर्ण सोडल्याशिवाय मी तिला मोठा लोड लावू दिला नाही. ‘करंटचा वर्ग’ हे शब्द मला दिसले की ती रील आठवते.

हा नियम जेम्स ज्यूलने १८४१ साली प्रसिद्ध केला. तारेची कॉइल पाण्यात बुडवून त्याने करंट सोडला आणि पाणी किती तापतं ते थर्मामीटरने मोजलं. उष्णता रोधाच्या प्रमाणात वाढते आणि करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने पाण्याच्या तापमानावरून काढलं.

आता तुला एक उदाहरण देते ज्यात तुझी दोन्ही सूत्रं एकाच ठिकाणी खरी होताना दिसतील. १२ व्होल्टची बॅटरी आहे आणि तिचा स्वतःचा आतला रोध १ ओहम आहे असं धर. बाहेर अर्धा ओहम लावलास तर एकूण दीड ओहम, करंट ८ अँपिअर, बाहेरच्या रोधात पॉवर ३२ वॉट. बाहेर १ ओहम लावलास तर करंट ६, पॉवर ३६. बाहेर २ ओहम लावलास तर करंट ४, पॉवर पुन्हा ३२. आणि ५ ओहम लावलास तर करंट २, पॉवर २०. बघ, रोध वाढवत गेलीस तशी पॉवर आधी वाढली आणि मग घटली. बाहेरचा रोध बॅटरीच्या आतल्या रोधापेक्षा लहान होता तोवर करंट मुख्यतः बॅटरीच ठरवत होती, म्हणून पहिलं सूत्र दिशा दाखवत होतं. तो मोठा झाल्यावर बाहेरचं व्होल्टेज १२ च्या जवळ जाऊन टेकायला लागलं आणि दुसरं सूत्र दिशा दाखवायला लागलं. बरोबर मध्ये, दोन्ही रोध सारखे असताना, पॉवर सर्वांत जास्त. हे आकडे तू स्वतः वहीत मांड, आणि पाव ओहमचाही काढून बघ. २३ वॉटच्या आसपास येईल.

म्हणून गणित सोडवताना सूत्र शोधण्याआधी एवढंच विचार : या वस्तूचं व्होल्टेज बाहेरून ठरलं आहे, की करंट बाहेरून ठरला आहे? आणि दोन्ही ठरलेले नसतील, तर आधी पूर्ण सर्किटचा करंट काढ आणि मग पुढे जा.

प्रश्न : माझ्याकडे जुना तारेचा १०० वॉटचा बल्ब आहे. मल्टीमीटरने त्याचा रोध ३८ ओहम आला. २३० च्या वर्गाला ३८ ने भागलं तर १३९२ वॉट येतात! मीटर बिघडला आहे की बल्ब? (नव्याने मीटर घेतलेले एक वाचक)

तुमचा मीटरही ठीक आहे आणि बल्बही. तुमचं गणितसुद्धा ठीक आहे. फक्त ते थंड बल्बचं आहे.

मल्टीमीटर रोध मोजतो तेव्हा आपल्या छोट्या बॅटरीतून अगदी किंचित करंट बल्बमधून सोडतो. त्याने तार तापत नाही. बल्ब पेटलेला असताना मात्र त्याची टंगस्टनची तार अडीच हजार सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्या तापमानाला तिचा रोध बारा-पंधरा पट झालेला असतो. २३० चा वर्ग ५२९००. त्याला १०० ने भागलं की ५२९ ओहम. हा पेटलेल्या बल्बचा रोध. तुमच्या ३८ च्या जवळजवळ चौदा पट.

आणि तुम्ही काढलेले १३९२ वॉट अगदी खोटे नाहीत बरं. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तार थंडच असते. तेव्हा त्या बल्बमधून खरोखरच सहा अँपिअरच्या आसपास करंट जाऊ शकतो. सेकंदाच्या छोट्याशा अंशात तार तापते, रोध चढतो आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या खाली येऊन स्थिरावतो. तारेचे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का जातात याचं उत्तर या धक्क्यात आहे. तार जिथे झिजून बारीक झालेली असते तिथे तो धक्का तिला सोसत नाही.

शिकवायला लागल्यावर मी पहिल्याच आठवड्यात हा प्रयोग करून घ्यायचे. २३० व्होल्टवर नाही, गाडीच्या १२ व्होल्ट २१ वॉटच्या बल्बवर. बदलत्या व्होल्टेजचा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा) सप्लाय, एक व्होल्टमीटर, एक अँमीटर. माझ्या वहीतले आकडे असे आहेत : १ व्होल्टला ०.४५ अँपिअर, ३ व्होल्टला ०.८२, ६ व्होल्टला १.२, १२ व्होल्टला १.७५. भागाकार करून बघा. रोध २.२, मग ३.७, मग ५, मग ६.९ ओहम. व्होल्टेज बारा पट झालं, पण करंट चार पटसुद्धा नाही. प्रत्येक ओळीत व्होल्टेज भागिले करंट हा रोधच आहे, त्या क्षणाचा आणि त्या तापमानाचा.

इथे एक बारीक भेद आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, ही झाली व्याख्या. ती बल्बला, तारेला, कशालाही लावता येते. तो भागाकार कायम सारखाच येतो, हा ओहमचा नियम. तो तांबं, नायक्रोम (निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू) अशा धातूंना तापमान स्थिर ठेवलं तर उत्तम लागू पडतो, आणि तापत जाणाऱ्या बल्बला पडत नाही. हीटरमध्ये नायक्रोम वापरतात त्याला आणखी एक सोय आहे. तापल्यावर त्याचा रोध फार बदलत नाही. म्हणून हीटरची कॉइल थंड असताना मीटरने मोजलीत तर वॉट बरेचसे बरोबर येतील. करून बघा, पण प्लग काढून ठेवून.

स्थिर परिस्थितीचं महत्त्व खुद्द गेओर्ग ओहमलाही पहिल्या खेपेला अडचणीतून कळलं. १८२५ साली त्याने जो पहिला नियम मांडला तो चुकीचा निघाला. त्याच्या रासायनिक बॅटरीचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच उतरत होतं. पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्याने बॅटरी सोडून थर्मोकपल घेतला, म्हणजे दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारा दोन धातूंचा जोड. त्याचे धातू तांबं आणि बिस्मथ, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. उकळतं पाणी आणि वितळतं बर्फ, दोन्ही आपापलं तापमान सोडत नाहीत, म्हणून व्होल्टेज हलेना. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून १८२६ मध्ये त्याला खरा नियम सापडला आणि १८२७ मध्ये त्याने तो पुस्तकातून मांडला. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉपले पदक दिलं ते १८४१ मध्ये.

तुमच्याकडे १२ व्होल्टचा ५ वॉटचा आणि २१ वॉटचा असे दोन बल्ब असतील तर ते एकामागे एक जोडून १२ व्होल्ट लावा. लोकांना वाटतं २१ वॉटचा जोरात पेटेल. प्रत्यक्षात ५ वॉटचा जवळपास पूर्ण पेटतो आणि २१ वॉटचा मेल्यासारखा दिसतो. दोघांतून करंट एकच जातो, ०.४ अँपिअरच्या आसपास. वर माझ्या वहीतली पहिली ओळ बघा, एवढ्या करंटला २१ वॉटच्या बल्बवर जेमतेम एक व्होल्ट पडतं. उरलेले अकरा दुसऱ्याच्या वाट्याला.

प्रश्न : एलईडीसाठी रेझिस्टर काढतोय. सप्लाय ५ व्होल्ट, एलईडी २ व्होल्ट घेते, करंट १५ मिलिअँपिअर हवा. उरलेले ३ भागिले १५ म्हणजे ०.२ ओहम. दुकानात एवढा लहान रेझिस्टर मिळत नाही. (छंद म्हणून सर्किट बनवणारा मुलगा)

तुझा भागाकार बरोबर आहे, फक्त उत्तराला एकक चुकीचं लागलं. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर किलोओहममध्ये येतं. ०.२ किलोओहम, म्हणजे २०० ओहम. ही जोडी लक्षात ठेव, छोट्या सर्किटमध्ये रोज कामाला येईल. २२० ओहमचा रेझिस्टर सहज मिळतो. तो लावलास तर करंट साडेतेरा मिलिअँपिअर होईल आणि एलईडीला फरक जाणवणार नाही. रेझिस्टरमधली पॉवर ३ च्या वर्गाला २२० ने भागून ०.०४ वॉट, तेव्हा पाव वॉटचा रेझिस्टर भरपूर झाला. ०.२ ओहमचा खरंच लावला असतास तर एलईडी तत्क्षणी गेली असती.

प्रश्न : आमच्या एका सिंगल फेज मोटारीला २३० व्होल्टवर ४ अँपिअर करंट लागतो. म्हणजे रोध ५७.५ ओहम. पण वाइंडिंग मोजली तर ३.१ ओहम. तीन ओहमने तर ७४ अँपिअर व्हायला हवेत. शिवाय २३० गुणिले ४ म्हणजे ९२० वॉट, आणि वॉटमीटर दाखवतो ७३६. सगळेच आकडे वेगवेगळे का? (मेंटेनन्सचं काम करणारे एक वाचक)

तुमचे पाचही आकडे खरे आहेत, प्रत्येक आकडा मोटारीबद्दल वेगळी गोष्ट सांगतो.

३.१ ओहम हा तांब्याच्या तारेचा रोध. पण मोटारीची कॉइल लोखंडाच्या गाभ्यावर असते आणि करंट एसी आहे, सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळा उलटसुलट होणारा. त्याच्यामुळे चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं आणि बदलतं क्षेत्र त्याच कॉइलमध्ये उलट्या दिशेचं व्होल्टेज तयार करतं. शिवाय रोटर फिरत असतो, त्याचाही उलटा दाब येतो. सप्लायच्या २३० मधले बहुतेक व्होल्ट या विरोधाशी झुंजण्यात जातात. तारेच्या रोधावर पडतात ४ गुणिले ३.१, फक्त साडेबारा व्होल्ट. तुमचा ५७.५ हा आकडा म्हणजे हा सगळा विरोध एकत्र. त्याला इम्पिडन्स म्हणतात, नुसता रोध म्हणू नका.

वॉटचंही तसंच. व्होल्टेज आणि करंट यांच्या लाटा एकाच वेळी वर चढत नाहीत, करंट थोडा मागे राहतो. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात थोडी ऊर्जा मोटारीकडून सप्लायकडे परत जाते. ९२० हा व्होल्टअँपिअरचा आकडा. ७३६ हे खरे वॉट. ७३६ भागिले ९२० म्हणजे ०.८, हा तुमच्या मोटारीचा पॉवर फॅक्टर. डीसीमध्ये आणि हीटरमध्ये नुसता गुणाकार चालतो, मोटारीत चालत नाही. आणि हे ७३६ सुद्धा आत जाणारे वॉट आहेत. नेमप्लेटवरचे वॉट शाफ्टवर मिळणारे असतात, ते याहून कमी असणार.

आता ज्याच्यासाठी मी हे पत्र निवडलं ते सांगते. वाइंडिंगच्या तारेत उष्णता किती होते, ते काढायला मात्र तुमचा ३.१ च लागतो. ४ चा वर्ग १६, गुणिले ३.१, म्हणजे जवळजवळ ५० वॉट. पंख्याची हवा आणि बॉडी एवढी उष्णता सहज बाहेर टाकतात. आता रोटर जाम झाला असं समजा. बेअरिंग धरलं, पंपात काही अडकलं, काहीही. फिरणं थांबलं की उलटा दाब गेला आणि करंट पाच-सहा पट चढला. सहा पट धरा. वर्ग छत्तीस पट. ५० वॉटचे १८०० वॉट झाले, त्या एवढ्याशा तांब्यात, आणि पंखाही बंद. ही मोटार ओव्हरलोड रिलेने, म्हणजे करंट जास्त झाला की सप्लाय तोडणाऱ्या साधनाने, वेळेवर तोडली नाही तर तारेवरचं एनॅमलचं इन्सुलेशन जळायला काही मिनिटं पुरतात. माझ्याकडे आलेल्या जळक्या मोटारींपैकी कितीतरी अशाच गेलेल्या होत्या. वाइंडिंग सगळीकडून सारखी काळी, आणि झाकण उघडताच जळक्या वार्निशचा तो वास. मालक सांगायचे, ‘व्होल्टेज जास्त आलं असेल.’ मी आधी शाफ्ट हाताने फिरवून बघायचे. बहुतेक वेळा तो फिरायचाच नाही.

म्हणून ओव्हरलोड रिले वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याचं सेटिंग वाढवू नका. तो कशावरून ट्रिप होतो ते शोधा.

प्रश्न : वाइंडिंगचा रोध एक ओहमच्याही खाली असेल तर साधा मल्टीमीटर दर वेळी वेगळा आकडा दाखवतो. नीट कसा मोजायचा? आणि चालू मोटारीवर मोजता येतो का? (वाइंडिंग शिकणारी एक वाचक)

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी : सप्लाय चालू असताना मीटर ओहमवर लावायचा नाही, कधीच नाही. ओहमच्या रेंजवर मीटर स्वतःचा करंट सोडतो. तिथे बाहेरचं व्होल्टेज आलं तर आकडा चुकेलच, पण मीटर जळेल आणि हातही जळू शकतो. सप्लाय तोड, कपॅसिटर डिस्चार्ज कर, वाइंडिंगचं एक टोक मोकळं कर, मगच मोज.

लहान रोधाची अडचण अशी की मीटरच्या दोन वायर आणि टोकांचा जोड मिळूनच दोन-तीन दशांश ओहम होतात. ०.३ ओहमची वाइंडिंग मोजताना तू निम्मा मीटरच मोजतेस. याला जुना, साधा आणि भरवशाचा उपाय म्हणजे या अंकातला पहिलाच भागाकार. डीसी सप्लायवर करंट एक अँपिअरला ठेव आणि तो वाइंडिंगमधून सोड. मग व्होल्टमीटरच्या वेगळ्या दोन वायर वाइंडिंगच्या टोकांवरच टेकव, करंटच्या क्लिपवर नाही. ३१० मिलिव्होल्ट दिसले तर रोध ०.३१ ओहम. व्होल्टमीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे त्याच्या वायरींवर व्होल्ट पडत नाहीत, आणि करंटच्या वायरींवर पडलेले व्होल्ट तू मोजतच नाहीस. चार वायर लागतात म्हणून याला चार वायरची पद्धत म्हणतात. मोजणी लवकर आटप, करंट जास्त वेळ सोडलास तर तांबं तापून आकडा सरकेल.

आकड्याशेजारी त्या वेळचं तापमान लिहून ठेवत जा. तांब्याचा रोध एका अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, आणि ते तुझ्या फायद्याचं आहे. समज, सकाळी २५ अंशाला थंड मोटारीची वाइंडिंग ३.१ ओहम होती. दिवसभर लोडवर चालवून बंद केल्यावर लगेच मोजली तर ४.० ओहम. तांब्यासाठी २३४.५ हा आकडा घेतात. त्यात २५ मिळव, २५९.५. त्याला ४.० ने गुणून ३.१ ने भाग, सुमारे ३३५. त्यातून २३४.५ वजा कर. शंभर अंश. लोखंडाच्या खाचांत बसलेल्या त्या तारेचं सरासरी तापमान हे आहे, आणि तिथपर्यंत तुझा थर्मामीटर पोचू शकला नसता. आता हा आकडा त्या वाइंडिंगच्या इन्सुलेशनच्या क्लासशी ताडून बघ : बी क्लास १३० अंशांपर्यंत, एफ १५५, एच १८०. सरासरीपेक्षा आतला एखादा भाग जास्त तापलेला असतो, म्हणून बी क्लासची मोटार शंभरवर दिसली तर मी ती चालू द्यायचे, पण आठवड्याने पुन्हा मोजायला बोलवायचे.